पाचव्या बोल्टपासून

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि खोटं कशाला बोलू, निम्मे वाचून हसतो. तिठ्यावरची पांढरी साडी, मागे न बघता चालायचं, हाक आली तर ओ द्यायची नाही... बायको म्हणते, हसू नका, कुणाचं काय खरं असेल सांगता येत नाही. मी म्हणतो, मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला माणूस, अख्खी नोकरी कारखान्यांत गेली. माझ्या लेखी भूत म्हणजे लूज कनेक्शन. शोधलं की सापडतं, आवळलं की जातं.

तर असा मी आज स्वतःच लिहायला बसलोय. कारण गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाची, विनूची एकसष्टी झाली. हॉलमध्ये दीडशे माणूस. जेवणं सुरू असताना त्याने माईक हातात घेतला आणि एक गोष्ट सांगितली – जी तो गेली कितीतरी वर्षं प्रत्येक लग्नकार्यात सांगतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला ताटातला घास गिळवेना. ती गोष्ट अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी माझ्याशिवाय फक्त एका माणसाला माहीत होती. तो माणूस आता नाही.

साल ८५-८६ चं. तळोज्याच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल प्लँटमध्ये मी इलेक्ट्रिकल सुपरवायझर होतो. वय तिशीच्या आत, लग्न व्हायचं होतं, पनवेलला दोन खोल्या भाड्याने. आम्ही मूळचे कराडकडचे. वडील लवकर गेलेले. विनूची गावाकडे नुसती उनाडकी चाललेली, म्हणून मी त्याला आणला, साहेबांचे पाय धरले आणि पंपहाऊसला ऑपरेटर म्हणून चिकटवला. एसटीत बसवताना आई मला एवढंच म्हणाली होती, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हां त्याला." नंतर तीही आमच्याकडेच राहायला आली, पण ते वाक्य माझ्या मानेवर तेव्हापासून बसलेलंच.

आता थोडी कामाची माहिती द्यावीच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे सॉल्व्हंट होतं. पेट्रोलचा भाऊच समजा, नुसती वाफ जमली तरी भडकणार. पंपाच्या स्टार्टरचं बटण दाबलं की आत ठिणगी पडतेच, ती काही टळत नाही. म्हणून अशा ठिकाणी स्टार्टर जाड बिडाच्या डब्यात बसवतात. त्याला म्हणतात फ्लेमप्रूफ. लोकांना वाटतं डबा हवाबंद असतो, वाफ आत जातच नाही. मलाही नवा असताना तसंच वाटायचं. माझं ते अज्ञान दूर केलं हिराजीमामांनी.

हिराजीमामा आमचे सर्वांत जुने वायरमन. कामोठ्याचे. आज मी त्याच कामोठ्यात सातव्या मजल्यावर राहतो, पण तेव्हा ते गाव होतं – भातशेती, खाडी, मिठागरं. मामांची जमीन नव्या शहरासाठी गेली आणि ते पन्नाशीला टेकताना हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन नोकरीला लागले. शिक्षण चौथी. पण फ्लेमप्रूफ डब्याबद्दल ते जे सांगायचे, ते मला डिप्लोमात कुणी सांगितलं नव्हतं.

"साहेब, डबा श्वास घेतो," मामा म्हणायचे. "चालला का गरम होतो, थांबला का गार होतो. गार होताना भायेरची वाफ आत वढतो. मंग कवातरी आत भडका उडनारच. तो आतच मेला पायजे. भायेर निंगाला त आपन मेलो."

आणि तो आत मरतो कसा? डब्याची कड आणि झाकणाची कड आरशासारखी घासलेली असते. दोन्हींच्या मध्ये केसाएवढी फट. आतला जाळ त्या फटीतून बाहेर येईपर्यंत गार होतो. बस्स, एवढीच करामत! पण झाकणाचे सगळे बोल्ट घट्ट असतील तरच. पंप नंबर दोनच्या डब्याला बारा बोल्ट होते. चारदोन कमी असले की झाकण स्फोटाने फुगणार, फट मोठी होणार, आणि जाळ बाहेर.

मामांची एक पद्धत होती. बोल्ट आवळायचा, पान्याच्या दांड्याने त्यावर एक टकोर मारायची, मोठ्याने आकडा म्हणायचा आणि उजव्या हाताचा अंगठा त्या बोल्टवर टेकवायचा. एक... दोन... तीन... असं बारापर्यंत. आम्ही पोरं टोप्या उडवायचो, "मामा, बोल्टला गंध लावताय का?"

"हसा, हसा," मामा म्हणायचे. "हे बारा हायेत तवर तुमची आयस सुखान झोपते."

मामांच्या पाठीमागे आमची पद्धत वेगळी होती. तिला आम्ही 'चार कोपरे' म्हणायचो. बारा बोल्ट काढा, बारा लावा, यात अर्धा तास जातो, वर प्रॉडक्शनवाला डोक्यावर उभा. मग चार कोपऱ्यांना चार लावायचे, पंप चालू करून द्यायचा, उरलेले आठ खिशात. नंतर लावू. कधी लावायचो, कधी मामाच शिव्या घालत लावायचे. कुणाला काही झालं नव्हतं ना आजवर! झालं नव्हतं म्हणून होणार नाही, असं आमचं शास्त्र.

त्या दिवशी मामा रजेवर होते. त्यांच्या मुलीचं लग्न दुसऱ्या दिवशी आणि त्या दुपारी हळद. आठवडाभर आधी मला मांडवाचं आमंत्रण देऊन गेले होते, "सांजच्याला या साहेब, भावसाला पन आना."

एप्रिलचा कडक उन्हाळा. सकाळी अकराच्या सुमाराला पंप नंबर दोन बंद पडला. मी सप्लाय काढला, डबा उघडला, आतले जळलेले कॉन्टॅक्ट बदलले. काम सोपं होतं. पण बाहेर दोन टँकर रिकामे व्हायचे थांबलेले आणि प्रॉडक्शनचे साहेब माझ्या मागे येऊन उभे. "अरे काय घड्याळ दुरुस्त करतोयस का? चालू कर ना यार!"

मी चार कोपऱ्यांना चार बोल्ट लावले. उरलेले आठ पँटच्या उजव्या खिशात टाकले. विनू तिथेच उभा होता. त्याला म्हटलं, "चालव. जेवून येतो आणि बाकीचे लावतो." तो म्हणाला, "बरं दादा."

हे मी मुद्दाम नीट लिहितोय. चार लावले. आठ खिशात. यात माझी काही गल्लत नाही, कारण ते आठ जड बोल्ट जेवताना मांडीला टोचत होते आणि मी दोनदा बाकावर सरकून बसलो होतो. शिवाय हे बोल्ट बाजारात मिळणारे नव्हते. डब्याबरोबर मोजून बारा आलेले, खोलगट डोक्याचे, त्यांचा पानासुद्धा वेगळा. स्टोअरमध्ये एकही स्पेअर नव्हता. म्हणून तर मामा एखादा बोल्ट खाली पडला की जीव गेल्यासारखा शोधायचे.

जेवण झालं. उठणार तेवढ्यात ऑफिसात बोलावणं आलं, पुढच्या शटडाऊनची यादी करायची म्हणे. बसलो. चहा आला. बोल्ट खिशात आहेत हे मी विसरलो नव्हतो हो... विसरलो असतो तर निदान तसं म्हणता आलं असतं. मला आठवत होतं. मी फक्त म्हणत होतो, पाच मिनिटांनी.

अडीच वाजता आवाज झाला. धाड्! मोठं लोखंडी गेट जमिनीवर आपटावं तसा बसका आवाज, आणि खिडकीच्या काचा थरथरल्या.

मला विचारावं लागलं नाही कुठे ते. खुर्ची कधी पडली कळलं नाही. मी पळत होतो आणि तोंडाने नुसतं "चार... चारच..." चाललेलं. आयुष्यात तेवढा मी कधी घाबरलो नाही. डोळ्यांपुढे विनू नव्हता, आई होती. तिला काय सांगणार होतो मी? पाच मिनिटांनी लावणार होतो म्हणून?

पंपहाऊस उभं होतं. जाळ नाही, धूर नाही. विनू दाराबाहेर भिंतीला टेकून बसलेला, दोन्ही हात कानांवर, चेहरा पांढराफटक. मी त्याला दंडाला धरून हलवला. तो मोठमोठ्याने ओरडून म्हणाला, "दादा, मला काही ऐकू येत नाही!" मी त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, हातांवरून हात फिरवला. कुठे काही नाही. मग मला रडू फुटलं, सगळ्यांसमोर, ढसाढसा.

आत सॉल्व्हंटचा इतका वास की डोळे चुरचुरत होते. पंपाला गळती लागली होती आणि वाफ जमिनीलगत साचलेली. काय झालं ते उघड होतं. पहिला टँकर संपल्यावर पंप थांबला, डबा गार झाला, गार होताना त्याने ती वाफ आत ओढली. दुसऱ्या टँकरसाठी विनूने बटण दाबलं. आत ठिणगी, आत भडका. अगदी मामा सांगायचे तस्सं. फक्त बाहेर ढीगभर वाफ असून जाळ बाहेर आला नव्हता.

आणि तो यायला हवा होता! चार बोल्टांवरचं झाकण तो स्फोट धरूच शकत नव्हतं.

आम्ही सबस्टेशनमधून सप्लाय काढला, व्हॉल्व्ह बंद केले, दारं-खिडक्या सताड उघडून पाणी मारलं. वास गेल्यावर सेफ्टीवाल्याला घेऊन मी आत गेलो. तो गळती बघायला वाकला. मी डब्याकडे बघितलं.

बारा बोल्ट.

मी मोजले. परत मोजले. बारा. मग खिशात हात घातला. एक, दोन, तीन... आठ. खिशात आठ होतेच, मांडीच्या घामाने ओले झालेले. पंपाला धरून उभा राहिलो. बारा आणि आठ वीस होतात हो! त्या डब्याला जन्मात वीस बोल्ट आले नव्हते.

जवळ गेलो तर कोपऱ्यातले माझे चार बोल्ट कोरडे, काळे. मधल्या आठांवर मात्र एकेक पिवळा ठसा. अंगठ्याचा. मी बोट लावलं. ओला होता. बोट नाकाशी नेलं... सॉल्व्हंटच्या त्या वासातसुद्धा चुकणार नाही असा वास होता. हळदीचा. तेल घालून कालवलेली हळद.

सेफ्टीवाला वळायच्या आत मी खिशातून रुमाल काढला आणि आठही ठसे पुसून टाकले. का? विचारू नका. चोराने हातांचे ठसे पुसावे तसे पुसले, एवढंच खरं.

तोवर विनूला थोडं ऐकू यायला लागलं होतं. मला बघून तो म्हणाला, "दादा, तू येऊन गेलास ते बरं झालं. मी बाहेर टँकरची नळी जोडत होतो ना, तेव्हा आतून टकटक ऐकू आली. म्हटलं दादा आला बोल्ट लावायला. आत आलो तर तू गेलेला. हाक तरी मारायचीस."

 तिथे 'हो' म्हणालो नाही, हे मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलोय. पण 'नाही'ही म्हणालो नाही.

विनूला डॉक्टरांना दाखवलं, घरी आईजवळ सोडलं आणि ऊन उतरल्यावर स्कूटर काढून थेट कामोठ्याला गेलो. अंगात तेच कपडे. खिशात तेच बोल्ट.

मांडव गजबजलेला. पाटावर नवरी पिवळीधमक. मी विचारायच्या आतच एक म्हातारी हात नाचवत माझ्यापुढे आली. ही धवलारीण – आगरी लग्नात गाणी म्हणून सगळे विधी हीच पार पाडते. बाई जाम तापलेली होती. "तुमी हिराजीचं साहेब ना? सांगा त्याला दोन शब्द! ऐन हलदीन माजा गाना मोरला त्यानी!"

"काय झालं आजी?"

"पोरीला हलद लावाला बसवला त्याला. लावली पन. आन मंग बसल्या जागी डोला मिटला न् मोजाला लागला! येवऱ्या मोठ्यान, का माजा आवाज कुनाला आयकाला येय ना. सगली मानसा बघतान. बारापरत मोजला न् गप झाला."

मी विचारलं, "किती वाजता?"

"मना घऱ्याल समजत नाय. जेवना झाल्याव, उन्हाचा."

"मांडव सोडून कुठे गेले होते का?"

"कया जाल? सकालधरना हितच हाय." मग ती जरा थांबली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "पन साहेब, येक सांगू? पोरासोरांना पन समजतं, मोजाचं त येकापासना. ह्यो पाचापासना मोजत व्हता. पाच, सा, सात... येक-दोन-तीन-चार बोललाच नाय."

 चार बोल्ट लावल्याचं माझ्याशिवाय आणि विनूशिवाय कुणालाही माहीत नव्हतं, आणि मामांच्या गावात तेव्हा फोनही नव्हता.

मामा मला मांडवाच्या मागे घेऊन गेले. अंगावर नवा सदरा, कपाळाला हळद. मी आधी त्यांचा उजवा हात धरून बघितला. बोटं पिवळी होती. अंगठा काळा. आम्ही झाकणाच्या कडेला लावायचो तेच ग्रीस.

"मामा, हे काय आहे?"

"मना काय म्हाईत नाय साहेब," मामा म्हणाले.  "देवाशपथ. डोला लागला. सपान पन नाय परला. उठलो त आंगठा काला. धुतला, जाय ना." मग माझ्याकडे टक लावून बघत विचारलं, "सकाली डबा उघरला व्हता काय? दोन लंबर?"

मी मान हलवली.

"बोल्ट?"

 खिशातून ते आठ काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. मामांनी मोजले. माझ्या ऑफिसात चारचौघांत मला 'भेंडी, अक्कल गहाण ठेवली काय' असं बोलायला न घाबरणारा हा माणूस त्या दिवशी एक शब्द रागावला नाही. तो जमिनीवर बसला, मुलीच्या मांडवामागे, नव्या धोतरासकट मातीत. आणि एवढंच म्हणाला, "तुमचा भावस तिथंच आसतो ना वो..."

थोड्या वेळाने मामांनी बोल्ट परत माझ्या हातात दिले. "स्टोरान देव नका. तुमच्याजवल ठेवा. रोज बघा."

घरी आल्यावर आईने रुमाल धुवायला घेतला. "हळद कुठून लागली रे?" मी म्हटलं, "हिराजीमामांकडे हळद होती ना." तिला पटलं. कुणालाही पटलं असतं.

चौकशीत डबा उघडला तेव्हा आतून सगळा काजळीने काळाकुट्ट निघाला. म्हणजे स्फोट आत झाला हे नक्की. बारा बोल्ट जागेवर आणि घट्ट, हेही लिहिलं गेलं. मग काय, सुरक्षा सप्ताहात मला स्टेजवर बोलावून सर्टिफिकेट दिलं. 'कामातील दक्षतेबद्दल'. सोबत स्टीलचा डबा, चार पुडांचा. टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी मागच्या रांगेत उभ्या मामांकडे बघितलं. तेही टाळ्या वाजवत होते. मला भर स्टेजवर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यानंतर माझ्या हाताखाली एकही डबा बोल्ट सोडून बंद झाला नाही. माझ्या चिडखोरपणाला पोरं वैतागायची, खडूस म्हणायची. म्हणोत. मी मोजून घ्यायचो, मोठ्याने, एकापासून. मामा रिटायर झाले आणि काही वर्षांनी गेले. आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल परत कधी बोललो नाही.

स्पष्टीकरण मी खूप शोधलं. मीच बोल्ट लावून विसरलो? मग खिशात आठ कुठून? दुसऱ्या कुणी लावले? कुठले लावले, बोल्टच नव्हते तर! आणि हळद? आणि ते पाचापासून मोजणं? डोकं आपटून झालं, लूज कनेक्शन सापडलं नाही. ते आठ बोल्ट आता माझ्यासमोर टेबलावर आहेत. खरे आहेत, जड आहेत, बायको धूळ पुसताना कटकट करते.

आता ती एकसष्टीतली गोष्ट. विनू माईकवर म्हणाला, "त्या दिवशी माझा दादा जेवण टाकून धावत आला, बोल्ट लावून गेला, म्हणून मी आज इथे उभा आहे." मग खाली उतरून त्याने भर हॉलमध्ये माझ्या पायांवर डोकं ठेवलं. आणि मी आशीर्वाद दिला. दिला मी!

विनू, तू हे सदर वाचतोस, मला माहीत आहे. तेव्हा आता ऐक. त्या दुपारी आतून टकटक ऐकू आली, तो मी नव्हतो रे. मी ऑफिसात चहा पीत होतो.